धागा सुताचा, हिशेब कष्टाचा : उन्हाळ्यातील विणकामाविषयी

विणकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थंडीच उभी राहते. दिवाळीचा फराळ संपला की माळ्यावरची पेटी खाली यावी, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन लोकरीचे गुंडे बाहेर पडावेत आणि संक्रांतीपर्यंत घरातल्या एखाद्या तरी माणसाच्या अंगावर नवा स्वेटर चढावा, हा अनेक मराठी घरांतला जुना परिपाठ. होळी पेटली की सुया पुन्हा पेटीत जातात. त्यानंतरच्या लांबलचक दुपारी, मुलांना सुट्टी असते, बाहेर ऊन मी म्हणत असते आणि हात मात्र रिकामे असतात. विणण्यास खरी सवड ज्या महिन्यांत असते, त्याच महिन्यांत आपण विणणे थांबवतो, हा विरोधाभास फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

माझ्याही तो लक्षात आला नव्हता. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे पहिले बाळंतपण अकोल्याला, तेही ऐन मे महिन्यात आले. मावशीचे कर्तव्य म्हणून मी संपूर्ण बाळंतविडा स्वतःच्या हाताने विणून पाठवला. लिंबोणी रंगाच्या मऊ लोकरीची कुंची, टोपडे, पायमोजे, बिनबाह्यांचा स्वेटर, सारे काही त्यात होते. विडा पोहोचल्याचा भाचीच्या सासूबाईंचा दूरध्वनी आला. त्या फार सौजन्याने म्हणाल्या, "ताई, तुमचा हात फार सुरेख आहे हो. पण इथे पारा चव्वेचाळीसवर आहे आणि बाळाला मलमलीच्या झबल्यातसुद्धा घामोळे आले आहे. हे सारे आपण दिवाळीला घालू." दिवाळीपर्यंत बाळ त्या टोपड्यात मावणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. तीन महिन्यांचे काम आणि काम करणारीची हौस, दोन्ही व्यवस्थित घडी घालून कपाटात गेली.

त्या उन्हाळ्यात मी प्रथमच सुती दोऱ्याची लडी विकत आणली. आज जे सांगणार आहे, ते त्या लडीपासून सुरू झालेले आहे.

विणकाम मुळात थंड देशातले नव्हे

दोन सुयांवरचे विणकाम ही थंड प्रदेशाची देणगी आहे, असा आपला समज असतो. परंतु विणकामाचे जे अगदी जुने नमुने आज संग्रहालयांतून जपलेले आहेत, त्यांतील महत्त्वाचे नमुने इजिप्तमध्ये सापडलेले आहेत. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतील मोजे आहेत आणि ते लोकरीचे नसून सुताचे, पांढऱ्या व निळ्या धाग्यांत नक्षी काढून विणलेले आहेत. म्हणजे उष्ण देशातील माणसांनी सुती धाग्यावर ही कला चांगलीच मुरवलेली होती.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. घरातला सुती बनियन किंवा टी-शर्ट हाती घ्या आणि भिंगाखाली धरा. सुलट बाजूस इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतील आणि उलट बाजूस आडव्या गाठींसारखे उंचवटे दिसतील. ही आपल्या आजीचीच एक ओळ सुलट, एक ओळ उलट. फरक इतकाच, की ती तमिळनाडूतील तिरुप्पूरसारख्या शहरात यंत्राच्या बारीक सुयांनी विणली आहे. भर उन्हाळ्यात अंगाला लागून असणारे आपले पहिले वस्त्रच विणलेले असते. मग हातच्या विणकामाने उन्हाळ्यात रजेवर का जावे?

धाग्याचा स्वभाव

लोकर आणि सूत यांचा स्वभाव मात्र भिन्न आहे आणि तो न ओळखता काम हाती घेतले, तर पदरी निराशा येते. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक वळणे असतात. ओढले की तो लांबतो आणि सोडले की मूळ जागी येतो. विणणारीच्या लहानसहान चुका लोकर पोटात घालते. सूत तसे करीत नाही. त्यात ही लवचिकता फारच थोडी असते. एक टाका सैल आणि एक घट्ट पडला, की तो तसाच दिसत राहतो. सुती कापड वजनाने जड असते, त्यामुळे लांब विणलेला अंगरखा टांगून ठेवल्यास स्वतःच्या भारानेच खाली ओघळतो. माझा पहिला सुती कुर्ता तीन धुण्यांत गुडघ्यापर्यंत पोहोचला होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करते.

परंतु सुताचे गुणही तितकेच मोठे आहेत. ते घाम शोषून घेते, टोचत नाही आणि ओले झाल्यावर त्याची ताकद कमी न होता उलट वाढते. म्हणूनच रोज धुतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी सुतासारखा धागा नाही. बाजारात 'मर्सराइज्ड' म्हणून जो चकचकीत दोरा मिळतो, त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने तिचे पेटंट 1850 साली घेतले, त्यावरून हे नाव पडले. हा दोरा रंग चांगला धरतो, टिकतो आणि झालर, तोरण, रुमाल यांना शोभतो. अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी मात्र साधा, मऊ, कमी पिळाचा सुती धागा अधिक सुखद वाटतो.

खरेदी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्रोशाच्या दोऱ्याचा क्रमांक जितका मोठा, तितका दोरा बारीक. वीस क्रमांकाचा दोरा दहा क्रमांकापेक्षा नाजूक असतो. सुयांच्या जुन्या क्रमांकांचेही असेच आहे. आठ क्रमांकाची सुई चार मिलिमीटर जाडीची, तर दहा क्रमांकाची सव्वातीन मिलिमीटरची असते. घामेजल्या हातातून धातूच्या सुया निसटत असतील, तर बांबूच्या किंवा लाकडी सुया घ्याव्यात. आणि आंब्याच्या दिवसांत हात साबणाने स्वच्छ धुतल्याखेरीज पांढऱ्या दोऱ्याला स्पर्श करू नये, हा नियम मी स्वानुभवाने घालून घेतलेला आहे.

आधी नमुना, मग पसारा

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक जशी कागदपत्रे पाहते, तसा विणकामापूर्वी नमुना विणून पाहावा. साधारण पंधरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन विणावा, तो वस्तू जशी धुणार तसाच धुवावा, आडवा पसरून सावलीत वाळवावा आणि मगच मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात, ते मोजावे. सुती धागा पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून न धुतलेल्या नमुन्यावर विसंबू नये. गडद लाल किंवा निळा दोरा असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का, हेही पाहावे.

या मोजमापाचा उपयोग कसा होतो, ते टोपड्याच्या उदाहरणाने सांगते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर धरू. टोपडे नीट बसण्यासाठी ते घेरापेक्षा किंचित लहान हवे, पण सूत लोकरीइतके ताणत नसल्याने फार लहान करून चालणार नाही. तेहतीस सेंटिमीटर पुरेत. नमुन्यात दहा सेंटिमीटरला बावीस टाके आले असतील, तर तेहतिसाला सुमारे त्र्याहत्तर टाके होतात. आपण बहात्तर घ्यावेत, कारण बहात्तरला आठाने भाग जातो आणि माथ्यावर आठ पाकळ्यांत टाके कमी करणे सोपे जाते. इतका त्रैराशिकाचा हिशेब जमला, की छापील नमुन्यावाचून आपले अडत नाही.

सुट्टीत करण्याजोगी चार कामे

पहिले काम अगदी नवशिक्यांसाठी, नातवंडांना शेजारी बसवून शिकवावे असे : तिरका सुती रुमाल. साडेचार मिलिमीटरच्या, म्हणजे सात क्रमांकाच्या सुया आणि जाडसर सुती धागा घ्यावा. चार टाके घालून एक ओळ सुलट विणावी. पुढच्या प्रत्येक ओळीत दोन टाके सुलट विणावेत, सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन टाका वाढवावा आणि उरलेली ओळ सुलट विणावी. प्रत्येक ओळीत एक टाका वाढतो आणि कडेला आपोआप जाळी पडत जाते. चव्वेचाळीस टाके झाले की उतरणीस लागावे. एक टाका सुलट, दोन टाके एकत्र, एक वेढा, पुन्हा दोन टाके एकत्र आणि उरलेली ओळ सुलट, असे प्रत्येक ओळीत करावे. चार टाके उरले की बंद करावेत. सात-आठ इंच बाजूचा हा रुमाल तोंड पुसण्यास, ताटे पुसण्यास किंवा तापलेल्या कपाळावर ओली घडी ठेवण्यास उपयोगी पडतो. यात उलट टाका नाही, मोजणी फारशी नाही आणि चूक झाली तर उसवण्यास दहा मिनिटे पुरतात.

दुसरे काम बाळाचे सुती टोपडे. वर काढलेल्या हिशेबाने बहात्तर टाके घालून कडेला चार-सहा ओळी सुलट विणाव्यात, मग एक ओळ सुलट व एक उलट अशी दहा सेंटिमीटर उंची करावी. त्यानंतर सुलट ओळीत सात टाके विणून दोन एकत्र, असे आठ वेळा करावे. चौसष्ट टाके राहतील. मधली उलट ओळ साधी विणावी. पुढच्या सुलट ओळीत सहा टाके विणून दोन एकत्र, मग पाच विणून दोन एकत्र, असे करीत आठ टाके उरले की धागा त्यांतून ओवून आवळावा आणि कड शिवावी. बाळाच्या वस्तूंत मोठी जाळी नको, कारण चिमुकली बोटे तीत अडकतात. लोंबत्या नाड्या, मणी आणि गोंडेही नकोत. उकाड्यात टोपडे केव्हा घालावे आणि केव्हा काढावे, हे मात्र मावशीला न विचारता डॉक्टरांनाच विचारावे.

तिसरे काम क्रोशाचे : बाजाराची जाळीदार पिशवी. सहा साखळ्यांचे कडे करून त्यात बारा खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढ देऊन छत्तीस आणि चौथ्या फेरीत दर तिसऱ्या खांबावर वाढ देऊन अठ्ठेचाळीस खांब करावेत. हा झाला पिशवीचा भक्कम तळ. आता पाच साखळ्या घालून दोन खांब सोडावेत आणि तिसऱ्यावर मुका खांब घालावा. अशा सोळा कमानी होतील. पुढच्या प्रत्येक फेरीत सहा साखळ्या घालून खालच्या कमानीच्या मध्यावर मुका खांब घालीत जावे. वीसेक फेऱ्या झाल्यावर प्रत्येक कमानीत तीन मुके खांब घालून पुन्हा अठ्ठेचाळीसांची घट्ट कड करावी आणि दोन बंद विणून जोडावेत. बंद मुद्दाम आखूड ठेवावेत. दोन किलो कैऱ्या भरल्या की ते आपणहून लांब होतात. रिकामी पिशवी मुठीत मावते आणि भरलेली पिशवी सगळा बाजार पोटात घेते.

चौथे काम आपल्या आजीच्या काळातले : माठावरची मणी लावलेली झाकणी. वीस क्रमांकाचा पांढरा दोरा आणि बारीक पोलादी सुई घेऊन वर सांगितल्याप्रमाणेच वर्तुळ वाढवीत न्यावे. वर्तुळ सपाट राहण्याचे गमक एकच आहे. पहिल्या फेरीत जितके खांब असतील, तितकेच प्रत्येक फेरीत वाढवावेत. कडेला झालरीसारख्या चुण्या पडू लागल्या, तर वाढ जास्त झाली. वाटीसारखा खोलगट आकार आला, तर कमी पडली. शेवटच्या फेरीत कमानी करून प्रत्येक कमानीत एक काचेचा मणी ओवावा. मण्यांच्या वजनाने झाकणी वाऱ्याने उडत नाही, हवा खेळती राहते आणि माशी आत जात नाही. ताकाच्या भांड्यावर, दुधाच्या पातेल्यावर आणि पन्ह्याच्या पेल्यांवरही अशा लहानमोठ्या झाकण्या शोभून दिसतात.

अशीच लहान वर्तुळे ओळीने जोडून खाली गोंडे सोडले, की दाराचे तोरण होते. आणि तोरणाचा विषय निघाला, की मला एक जुना अर्ज आठवतो.

व्यवसाय : गृहिणी

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी नाशिकच्या एका शाखेत होते. पंचवटीत राहणाऱ्या एक बाई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आवर्ती ठेवीचा हप्ता भरण्यास येत. हातात कापडी पिशवी असे आणि रांगेत उभ्या असतानाही त्यांची क्रोशाची सुई चालूच असे. तोरणे, रुमाल, टीव्हीवरचे आच्छादन असे जे कोणी सांगेल, ते त्या करून देत. आम्ही सारे त्यांना तोरणाच्या काकू म्हणत असू.

त्यांचा खाते उघडण्याचा अर्ज मीच भरला होता. 'व्यवसाय' या रकान्याशी आल्यावर मी विचारले, "काकू, काय लिहू?" त्या हसून म्हणाल्या, "मी काय व्यवसाय करणार, ताई! घरीच तर असते. दुपारचा फावला वेळ म्हणून हे आपले विणते." मी 'गृहिणी' असे लिहून पुढच्या रकान्याकडे वळले. तीस सेकंदांचे काम होते ते.

पुढे एका वर्षी दिवाळीच्या आधी त्या दोन हजार रुपयांच्या कर्जाची चौकशी करण्यास आल्या. दोरा घाऊक भावाने एकदम घेतला तर स्वस्त पडेल आणि सणापूर्वी मागणीही पुरवता येईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आम्ही कागद काढले. कागदावर उत्पन्न नव्हते, व्यवसाय नव्हता. होती ती फक्त एक गृहिणी. यजमानांची सही आणि पगाराचा दाखला आणण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. कर्जासाठी त्या पुन्हा आल्या नाहीत. आवर्ती ठेवीचा हप्ता मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही.

नियमांत काही चूक झाली नव्हती. तरीही माझ्या मनाला काहीतरी टोचत राहिले आणि ते काय आहे, हे समजण्यास मला गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला

पुढे बदलीच्या चक्रात माझी नेमणूक आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ झाली. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी येथे समुद्राकडे जाताना अनेक शाखांनी पसरते. तिच्या वासिष्ठ गोदावरी या शाखेच्या काठी पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर हे गाव आहे. नरसापूर आणि भोवतालच्या गावांतून दुपारच्या वेळी फिरले, तर ओसरीवर बसलेल्या स्त्रियांच्या हातांत क्रोशाची सुई दिसते. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ही कला या भागात आणली आणि येथील स्त्रियांनी ती आत्मसात केली. कोणी केवळ फुले करते, कोणी ती जोडते, कोणी कड विणते, आणि त्यातून तयार झालेली मेजपोसे, पलंगपोस व झालरी मध्यस्थांमार्फत निर्यातदारांकडे आणि तेथून परदेशी बाजारांत जातात.

क्रोशाच्या झालरीने हातास काम आणि घरास अन्न दिल्याचा इतिहास अन्यत्रही आहे. 1845 नंतर बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांना क्रोशाच्या झालरीच्या विक्रीचा आधार मिळाला होता. नरसापूरची कहाणी त्याच कुळातील आहे. फक्त तिचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे.

तो हिशेब मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषींनी मांडला. 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे त्यांचे पुस्तक 1982 साली प्रसिद्ध झाले. त्यांचे निरीक्षण थोडक्यात असे. या स्त्रिया जागतिक बाजारपेठेसाठी माल तयार करीत होत्या, परंतु त्यांना कामगार मानले जात नव्हते. त्या घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी आहेत, असे सारेच म्हणत आणि त्याही तसेच समजत. काम 'फावल्या वेळातले' ठरले, की त्याची मजुरीही फावल्या वेळाइतकीच ठरते. हे वाचताना पंचवटीच्या काकूंचे हसरे वाक्य माझ्या कानांत पुन्हा उमटले. त्यांनी ते स्वतःच उच्चारले होते, हे खरे. पण कागदावर ते उतरवणारा हात माझा होता.

काळ काहीसा पालटला आहे, हेही सांगितले पाहिजे. नरसापूरच्या क्रोशे लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे पैठणीप्रमाणे या कलेच्या नावालाही कायद्याचे संरक्षण लाभले. चेन्नईत 31 जानेवारी 2016 रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या समूहाने 11,148.5 चौरस मीटरची क्रोशाची चादर साकारून गिनेस विश्वविक्रम नोंदवला; घराघरांत विणलेले चौकोन एकत्र जोडले तर केवढे होतात, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. बँकांच्या बाजूनेही दारे उघडली आहेत. नाबार्डने 1992 साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. 2015 पासून असलेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात लहान उद्योगास पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय आहे. काकूंनी मागितलेले दोन हजार रुपये आठवले, की या सोयींचे मोल मला अधिक जाणवते. परंतु दार उघडे असूनही आपण उद्योजक आहोत हे ठाऊक नसलेली व्यक्ती त्या दारातून आत येत नाही.

एक वही, दोन रकाने

म्हणूनच विणकामाबरोबर मी आता आणखी एक गोष्ट शिकवते. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील मुली आणि सुना दुपारी माझ्याकडे जमतात. दोरा-सुईच्या जोडीला प्रत्येकीने एक वही आणावी, असा आमचा दंडक आहे. वहीत दोन रकाने असतात : साहित्याचा खर्च आणि कामाचे तास.

समजा, एका तोरणास दीडशे रुपयांचा दोरा आणि चाळीस रुपयांचे मणी लागले. ते चारशे रुपयांना विकले, तर दोनशे दहा रुपये सुटले, म्हणून आपण आनंदतो. पण वहीत बारा तासांची नोंद असेल, तर तासाला साडेसतरा रुपये पडले. हा आकडा पाहून गेल्या वर्षी एक सून क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मावशी, म्हणजे मी आजवर तोरणे विकत नव्हते, वाटत होते." तिने तोरणाची किंमत वाढवली. दोन गिऱ्हाइके गेली, तीन टिकली.

सगळेच विणकाम विक्रीसाठी असावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. नातवासाठी विणलेल्या टोपड्याची किंमत लावू नये आणि मैत्रिणीला दिलेल्या झाकणीचा हिशेब ठेवू नये. किंबहुना विणताना मिळणारी स्वस्थता हीच अनेकींची खरी मिळकत असते. मात्र प्रेमाने द्यायचे आणि मोलाने विकायचे, यांतील सीमारेषा आपल्याला ठाऊक असावी. देणाऱ्याने मोल जाणून दिले, तर त्या देण्याचीही शान वाढते.

या पानांचे वाचक काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून शेवटी दोन विनंत्या करते. पहिली घरी विणणाऱ्या माझ्या भगिनींना आणि हल्ली आवडीने सुई हाती घेणाऱ्या बंधूंनाही. यंदाच्या सुट्टीत सुताची एक लडी आणावी, तिरक्या रुमालाने आरंभ करावा आणि पहिल्याच दिवसापासून वही ठेवावी. दुसरी विनंती शाखांतील माझ्या तरुण सहकाऱ्यांना. समोरची व्यक्ती "मी काही करत नाही, घरीच असते" असे म्हणाली, की रकाना भरण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा : "घरी असता, तेव्हा काय काय करता?"

अकोल्याच्या त्या बाळाला गेल्या वर्षी बहीण झाली, पुन्हा मे महिन्यातच. या खेपेस मी पांढऱ्या सुताचे बहात्तर टाक्यांचे टोपडे आणि सहा रुमाल पाठवले. सासूबाईंचा निरोप आला : रुमाल रोज धुतले जातात, रोज लागतात, आणखी सहा पाठवाल का?